दयेचे देणे

मराठीतला ‘देणे’ हा शब्द मोठा दुहेरी आहे. एखाद्याच्या गळ्यात उपजत सूर असला की आपण म्हणतो, हे देवाचे देणे आहे. आणि वाण्याच्या वहीत आपल्या नावावर जी बाकी उरते, तिलाही आपण देणेच म्हणतो. पहिले मिळालेले असते, दुसरे फेडायचे असते. एका शब्दात या दोन उलट गोष्टी कशा नांदतात याचे नवल वाटते खरे. पण थोडा विचार केला की कळते, यात विसंगती काहीच नाही. जे फुकट मिळाले, तेच फेडल्याशिवाय सुटका नसते.

ख्रिस्ती धर्मविचारात दयेला जी जागा आहे, ती समजून घेण्यास या मराठी शब्दाइतके सोपे साधन मला दुसरे आढळले नाही. दया म्हणजे मनाचा हळवेपणा, असे आपण सहसा समजतो. किंवा दया म्हणजे पुण्य, म्हणजे आपल्या खात्यावर जमा होणारी एक रक्कम, असे समजतो. आरंभीच्या ख्रिस्ती आचार्यांची समजूत वेगळी होती. त्यांच्या मते दया हे काही माणसांना लाभलेले देणे आहे. आणि ज्याला ते लाभले, त्याच्या डोक्यावरचे ते देणेही आहे. हा विचार कागदावर वाचला तर प्रवचनासारखा वाटेल. एका मराठी बाईच्या आयुष्यात तो पाहिला तर मात्र अंगावर येतो. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. पण त्यांच्याकडे वळण्यापूर्वी मूळ ग्रंथाकडे जरा पाहिले पाहिजे.

१

इसवी सन ५७ च्या सुमारास पौलाने रोममधील ख्रिस्ती मंडळीला एक पत्र लिहिले. त्याच्या बाराव्या अध्यायात मंडळीतल्या माणसांना मिळालेल्या सात देणग्यांची यादी आहे. ईश्वरी संदेश सांगणे, सेवा करणे, शिकवणे, बोध करणे, दान देणे, पुढारीपण करणे, आणि सातवी, दया करणे. (शिकवणाऱ्याचे नाव या यादीत वरच्या अंगाला पाहून माझ्यासारख्या मास्तराला बरे वाटले, हे सांगून टाकतो.) या यादीत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही, की दान देणारा वेगळा आणि दया करणारा वेगळा, असे पौल मानतो. पैसा देऊन मोकळे होता येते. दयेत मोकळे होता येत नाही, तिथे माणसाला स्वतः हजर राहावे लागते. दुसरी गोष्ट याहून विलक्षण. प्रत्येक देणगी कशी वापरावी हे सांगताना दान देणाऱ्याला तो साधेपणा सांगतो, पुढाऱ्याला तत्परता सांगतो, आणि दया करणाऱ्याला काय सांगतो, तर ती आनंदाने कर, प्रसन्न मुखाने कर!

दया आणि प्रसन्नता ही जोडी सहजी सुचणारी नाही. दया म्हटले की आपल्यापुढे उभा राहतो तो उसासे टाकणारा, डोळे टिपणारा चेहरा. पण ज्याने आजारपण काढले आहे त्याला पौलाचे मर्म कळेल. अंथरुणावरचा माणूस सारा दिवस दुसऱ्यांचे चेहरे वाचीत पडलेला असतो. औषध देणाऱ्याच्या कपाळावरची बारीकशी आठीही त्याला दिसते, आणि त्या आठीत आपल्या जगण्याचे ओझे किती झाले आहे ते तो बरोबर वाचतो. कीव करणारा नकळत वर उभा राहतो आणि खाली पाहतो. हसतमुख माणूस शेजारी बसतो. कीव आणि दया यांतला फरक शोधायला यापेक्षा निराळा मापदंड नको.

बायबलातले मूळ शब्दही मोठे बोलके आहेत. हिब्रू भाषेत करुणेला ‘रहमीम’ म्हणतात, आणि तो शब्द ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय या शब्दाशी जोडलेला आहे. आपल्याकडे फारसी-अरबी वाटेने आलेला ‘रहम’ हा त्याच मुळातला. शुभवर्तमानांच्या ग्रीक भाषेत येशूला लोकांची दया आली असे जिथे म्हटले आहे, तिथले क्रियापद आतड्यांवरून आलेले आहे. हे इंग्रजाला समजावून सांगावे लागते. मराठी माणसाला सांगावे लागत नाही. पोटात कालवते, आतडे तुटते, असे आपण रोजच म्हणतो. दयेचे ठिकाण पोटात आहे, हे आपल्या भाषेला आधीच ठाऊक होते.

मात्र पोटात कालवून जे थांबते, ती दया नव्हे. लूकच्या शुभवर्तमानातल्या दयाळू शोमरोनी माणसाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. वाटमाऱ्यांनी मारून टाकलेल्या एका अनोळखी माणसाला तो तेल आणि द्राक्षारस लावून बांधतो, आपल्या जनावरावर घालतो, धर्मशाळेत नेतो. इथवर सर्वांना आठवते. पुढचा तपशील मात्र आपण विसरतो. दुसऱ्या दिवशी तो धर्मशाळेच्या मालकाच्या हाती दोन दिनार ठेवतो, म्हणजे त्या काळच्या मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि अधिक खर्च आला तर परत येताना देईन म्हणून सांगतो. गोष्टीतला हा चोख हिशेब मला फार मोलाचा वाटतो. दयेला वही लागते. उद्याची, परवाची तरतूद लागते.

२

अशी वही ठेवणारी माणसे ख्रिस्ती इतिहासात आरंभापासून दिसतात. कॅपॅडोशियातील कैसरिया शहरी ३६८-६९ च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, तेव्हा बासिल या धर्मगुरूने धान्य दडवून ठेवणाऱ्या धनिकांना कडक शब्दांत सुनावले आणि भुकेलेल्यांसाठी स्वतः अन्नछत्र घातले. पुढे त्याने शहराबाहेर आजाऱ्यांसाठी, वाटसरूंसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी मोठी वसतिस्थाने उभारली. रोममध्ये चौथ्या शतकाच्या अखेरीस फॅबिओला नावाच्या श्रीमंत बाईने रुग्णालय काढले. या बाईने दुर्वर्तनी नवऱ्याला सोडून दुसरे लग्न केले होते, आणि त्याबद्दल चारचौघांसमक्ष प्रायश्चित्त घेतले होते. ३९९ मध्ये ती वारल्यावर जेरोम या पंडिताने तिच्यावर लिहिले आहे की, इतरांना पाहवणार नाहीत अशा जखमा ती आपल्या हातांनी धूत असे.

ही परंपरा नंतर किती मळली, हेही इतिहास सांगतो. दया ही देणगी आहे हे विसरून युरोपात ती पुण्याची हुंडी झाली. स्वर्गातली जागा धरून ठेवण्यासाठी लोक भिकाऱ्यांना नाणी वाटू लागले. म्हणजे कोणत्याही धर्माने दुसऱ्याला हसण्याचे कारण नाही. आणि दया ही एका धर्माची मिरासही नाही. काशीहून आणलेली गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी ओतणाऱ्या एकनाथांची कथा ज्या मुलखात घरोघर सांगतात, त्या मुलखाला दयेचा अर्थ बाहेरून कोणी शिकवावा असे नव्हते. १८६३ साली पुण्यात फसलेल्या विधवांसाठी बालहत्याप्रतिबंधक गृह उघडणारे जोतीराव आणि सावित्रीबाई कोणत्याही मिशनचे नोकर नव्हते.

तरीही रमाबाईंना दयेचा शोध दूर देशी लागला, आणि तो का लागला हे पाहण्यासारखे आहे.

३

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या अरण्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे प्रकांड वैदिक; पण बायकोला संस्कृत शिकवण्याचा ‘गुन्हा’ त्यांनी केला होता. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत हिंडू लागले. देवळात पुराण सांगावे, लोक देतील त्यावर राहावे आणि उरेल ते दानधर्मात घालावे, असा त्यांचा क्रम. १८७४ पासून मद्रास इलाख्यात दुष्काळाचे दिवस आले. अंगावरचे दागिने गेले, भांडीकुंडी गेली. पुराण ऐकायला कोण येणार, आणि आले तरी देणार काय? विद्वान ब्राह्मणाने मजुरी करायची नाही आणि भीकही मागायची नाही, असा पेच. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, नंतर थोरली बहीणही गेली.

आईच्या अखेरच्या दिवसांतला एक प्रसंग रमाबाईंनी पुढे सांगितला आहे. आईला खाण्याची वासना झाली. घरात काही नाही. सोळा वर्षांची ही मुलगी एका ब्राह्मण बाईच्या दारात बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेली. पण शब्दच फुटेना. सारे संस्कृत कोश मुखोद्गत असलेल्या मुलीला ‘भाकरी द्या’ हे दोन शब्द म्हणता येईनात. त्या बाईने चेहऱ्यावरून ओळखले आणि भाकरी दिली. आईला मात्र ती खाण्याचे त्राण उरले नव्हते. मृत्यूनंतर प्रेताला खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी पडल्यामुळे त्यांनी तिरडी खांद्याऐवजी डोक्यावर घेतली, आणि तशाच त्या तीन मैल चालल्या.

त्यानंतर भाऊ-बहीण पायी हिंदुस्थान हिंडली. पाण्यात भिजवलेले मूठभर धान्य आणि चिमूटभर मीठ, हे जेवण. पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर घ्यायला काही नव्हते, तेव्हा दोघांनी वाळूत दोन खड्डे खणले आणि मान तेवढी बाहेर ठेवून बाकीचे अंग वाळूने झाकून रात्र काढली. १८७८ साली हीच मुलगी कलकत्त्याला पोचली, आणि तिथल्या पंडितांनी तिची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. त्या सन्मानाची वर्णने आपण पुष्कळ वाचतो. मला वाटते, तिच्या आयुष्याची खरी पदवी त्या भाकरीच्या तुकड्यात होती. कोणीतरी तोंड न उघडता ओळखले होते. हे देणे तिच्या नावावर चढले.

४

पुढचा काळ भराभर सांगतो. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला. १८८२ च्या आरंभी तेही पटकीने गेले. तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली, आणि १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज येथील जोगिणींच्या मठात त्या राहिल्या, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या धर्मांतराची कारणे त्यांच्या विरोधकांनी पुष्कळ शोधली. स्वतः रमाबाईंनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात सांगितलेले कारण मात्र अगदी साधे आहे. लंडनजवळ फुलम येथे त्या जोगिणींनी चालवलेला एक आश्रम होता. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायका तिथे राहत. त्यांना शिव्याशाप नव्हते, शिक्षा नव्हती. आणि पूर्वी ज्या स्वतः तिथे अशाच आल्या होत्या, अशा काही बायका आता प्रेमाने दुसऱ्यांची शुश्रूषा करीत होत्या. रमाबाईंना हे नवीन होते. शास्त्रांत पतित स्त्रीला सांगितलेली शासने त्यांना तोंडपाठ होती. तिला परत उभे करण्याची वाट त्यांना कुठे सापडली नव्हती. हे तुम्ही का करता, असे त्यांनी एका जोगिणीला विचारले. तिने उत्तरादाखल विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. पाच नवरे झालेल्या, भर दुपारी एकटीच पाणी भरायला आलेल्या बाईशी येशू बोलतो तो उपदेशाने सुरुवात करीत नाही. तो तिच्याकडे पाणी मागतो.

या मागण्यातच सगळे आले. जिच्या हातचे कोणी घेत नाही, तिच्याकडे काहीतरी मागणे, म्हणजे तिला देण्याची योग्यता परत देणे. रमाबाईंनी फुलमला जे पाहिले ते हेच होते: दया घेणाऱ्या बायका दया करू लागल्या होत्या. सोसलेले कर्ज फेडण्याची जागा त्यांना मिळाली होती. रमाबाईंनी त्या आश्रमावरून आपल्या उरलेल्या आयुष्याचा नकाशा काढला, असे म्हटले तर ते फार वावगे होणार नाही.

५

अमेरिकेत जाऊन, तिथल्या मंडळींची दहा वर्षांच्या मदतीची हमी घेऊन रमाबाई परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ त्यांनी शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. उच्चवर्णीय बालविधवांची ही शाळा. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील असे वचन होते, आणि त्या भरवशावर रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात बसली होती. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. रोज मुलीला घेऊन प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपणहून आत येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये याचा बोभाटा झाला. ‘केसरी’ने झोड उठवली, सल्लागारांनी राजीनामे दिले, कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात कोणाचे बरोबर होते? रमाबाईंची बाजू अशी, की मी कोणाला बोलावले नाही. पण येणाऱ्याच्या तोंडावर दार लावणार नाही. ती प्रामाणिक होती यात संशय नाही. पण वचन वचन असते. ज्या घरात अन्न, वस्त्र, विद्या आणि माया हे सगळे एकाच बाईच्या हातून मिळते, त्या घरातल्या बारा वर्षांच्या पोरीला त्या बाईच्या देवाची ओढ वाटली, तर ती ओढ कितपत स्वतंत्र, हा टीकाकारांचा प्रश्न केवळ द्वेषातून आलेला नव्हता. दयेपुढचा हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. घेणाऱ्याला नाही म्हणण्याची मोकळीक ठेवून कसे द्यायचे? मागणी न करताही दयेचा दाब पडतोच. हे मान्य केल्याशिवाय रमाबाईंच्या कार्याचा विचार करणे म्हणजे आरती ओवाळणे होईल.

पण टीकाकारांच्या बाजूनेही एक देणे राहून गेले होते. मुली काढून नेल्या, त्या कुठे? त्यांच्यासाठी दुसरे दार कोणते उघडे होते? १८९३ साली या प्रश्नाला उत्तर नव्हते. ते पुढे मिळाले, आणि कोणाकडून मिळाले तेही पाहू. तत्पूर्वी दुष्काळ आला.

६

१८९६ च्या अखेरीस मध्यप्रांतात अन्नान्नदशा झाली. वर्तमानपत्रांतले आकडे बाकीच्यांनी वाचले. रमाबाईंना आकडे वाचावे लागले नाहीत. वीस वर्षांपूर्वीची ती भूक त्यांच्या पोटात होती. त्या स्वतः मध्यप्रांतात गेल्या. तिथल्या दुष्काळी कामांवर आणि अनाथगृहांत त्यांनी पाहिले की, भुकेपेक्षाही मोठे संकट तरण्या मुलींपुढे उभे आहे. भाकरीच्या मोबदल्यात त्यांना नेणारे लोक तिथे घिरट्या घालीत होते. रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली-बायका परत आणल्या.

इथे एक बारीक गोष्ट घडली, तिच्याकडे इतिहासकारांनी पुरेसे पाहिलेले नाही, असे मला वाटते. शारदासदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते; अमेरिकेतला पैसाही त्याच कामासाठी होता आणि त्याची मुदत १८९८ मध्ये संपायची होती. दुष्काळातून जी पोर उचलायची तिची जात विचारण्यात अर्थ नव्हता. सोळाव्या वर्षी ब्राह्मण्याचा पेच पोटावर सोसलेल्या बाईने आता जातीचा उंबरठाच काढून टाकला. पैशाची हमी नसताना, वचनांच्या चौकटीबाहेर, दयेने आपले क्षेत्र आपणच रुंद केले.

त्याच वेळी पुण्यात प्लेग आला होता. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. निर्बंधांमुळे पुण्यात इतक्या मुली ठेवणे अशक्य झाले; तेव्हा रमाबाईंनी त्यांना केडगावच्या शेतावर नेले. पुण्याहून चाळीसएक मैलांवर, आगगाडीच्या रस्त्यावर, दौंडच्या अलीकडे ही सुमारे शंभर एकर जमीन त्यांनी आधी घेऊन ठेवली होती. आरंभी राहुट्या आणि झोपड्या. मग विहिरी, मग पक्क्या इमारती. नाव पडले मुक्तिसदन. १९०० साली गुजरातेत आणि राजपुतान्यात दुष्काळ पडला, तेव्हा पुन्हा माणसे आणण्यासाठी केडगावहून तुकड्या निघाल्या. आणि त्यांत सदनातल्याच बायका होत्या. सदनाची वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली.

दोन हजार! हा आकडा वाचकांनी घटकाभर थांबून डोळ्यांपुढे आणावा. दोन हजार तोंडांना दोन वेळचे जेवण म्हणजे किती धान्य, किती जळण, किती घागरी पाणी! तेही दुष्काळाच्या वर्षी. उपाशी राहिलेले पोर घरी आणले म्हणजे ते कृतज्ञतेने हात जोडून बसत नाही. ते भाकरी चोरून अंथरुणाखाली लपवते, शेजारणीच्या ताटावर झडप घालते, रात्री ओरडत उठते, मायेने पुढे केलेल्या हाताला चावते. खरूज, डोळे येणे, हगवण, सगळे एकदम. पौलाने प्रसन्न मुखाने असे का म्हटले, ते केडगावच्या स्वयंपाकघरात कळले असते. उसासे टाकणारी दया तिथे एक आठवडाही टिकली नसती.

सदनाच्या विभागांची नावे पाहावीत. शिकण्यासाठी शारदासदन. वृद्ध आणि दुबळ्यांसाठी प्रीतिसदन. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन. फुलमला पाहिलेले घर शेवटी केडगावला असे उभे राहिले. आणि आंधळ्यांसाठी बार्तिमी सदन. बार्तिमय हा यरीहोच्या वाटेवरचा आंधळा भिकारी. येशू जात असल्याचे ऐकून तो दयेसाठी ओरडू लागला, तेव्हा लोक त्याला गप्प करू लागले. येशू थांबला आणि त्याने त्यालाच विचारले, तुझ्यासाठी मी काय करावे? आंधळ्याला काय हवे ते उघडच दिसत होते, तरी विचारले. दया करणाऱ्याने आपल्याला कळते असे गृहीत धरू नये, हा त्यातला धडा. रमाबाईंच्या कन्येने, मनोरमाबाईंनी, ब्रेल लिपी शिकून घेतली आणि इथल्या आंधळ्या मुलींच्या बोटांना वाचायला शिकवले.

वाचणे, लिहिणे, विणणे, शेती, गाईगुरे, तेलाचा घाणा, धुलाई, छापखाना. केडगावला प्रत्येकीच्या हाताला काम होते. याला कोणी शिस्त म्हणेल, कोणी काटकसर म्हणेल. मी याला दया म्हणतो. नुसते खाऊ घालून बसवून ठेवलेली बाई जन्माची आश्रित होते. काम हाती आले की ती कोणाचे तरी काही फेडू लागते. १८९७ साली हाडांचा सापळा होऊन आलेली मुलगी १९०० साली दुसऱ्या सापळ्याला आंघोळ घालते, तेव्हा तिच्यावरचे देणे फिटू लागते. आणि मान वर होते ती अशा फिटण्याने.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात रमाबाईंनी बायबलाच्या मराठी भाषांतराचे काम हाती घेतले. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतच्या या पंडितेने हेतू धरला तो अडाणी बाईलाही कळेल अशा मराठीचा. खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे, छपाई करणे, ही सारी कामे सदनातल्या बायकांनी केली. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. आईने ते दुःख पोटात घालून भाषांतराची अखेरची पाने पुरी केली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

७

आता मागे ठेवलेला प्रश्न. केडगावच्या मुली ख्रिस्ती झाल्या, त्या आपखुशीने झाल्या काय? काही खात्रीने झाल्या असतील. पण आठ वर्षांच्या अनाथ पोरीच्या बाबतीत आपखुशी हा शब्द वापरताना जीभ अडखळते. केडगावच्या सदनाने १८९३ सारखे तटस्थतेचे वचन दिले नव्हते, ते उघडपणे ख्रिस्ती होते, हे रमाबाईंच्या बाजूने सांगता येते. प्रश्न त्याने संपत नाही. माझ्या मते त्याला न्याय देणारी कसोटी वादात सापडणार नाही, ती पुढच्या इतिहासात सापडते. देणे खरे असेल तर ते कुंपण ओलांडते.

शारदासदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक विधवा होती. १८९३ साली, म्हणजे वादाच्या त्याच वर्षी, तिने धोंडो केशव कर्वे या प्राध्यापकांशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई झाली. रमाबाईंच्या घरात राहून, शिकूनही ती ख्रिस्ती झाली नव्हती. १८९६ साली कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० मध्ये तो हिंगण्याला गेला. काढून नेलेल्या मुलींसाठी दुसरे दार कोणते, या प्रश्नाचे हे उत्तर होते, आणि ते देणाऱ्याच्या घरात शारदासदनाची मुलगी संसार करीत होती. १९०९ मध्ये पुण्याच्या सेवासदनाची सूत्रे रमाबाई रानड्यांनी हाती घेतली. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे हे एके काळी शारदासदनाचे सल्लागार होते आणि राजीनामा देणाऱ्यांतही होते. भांडण झाले खरे; पण त्या भांडणाने महाराष्ट्राला स्वतःची दयेची वही उघडायला लावले.

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत रमाबाईंना सहसा दोन-चार ओळी मिळतात: विदुषी, शारदासदनाच्या संस्थापिका, पुढे धर्मांतर. त्या ‘पुढे धर्मांतर’वर शाई वाळते आणि मास्तर पुढच्या धड्याकडे वळतात. हिंदू समाजाने त्यांना परक्या म्हणून बाजूला ठेवले. ख्रिस्ती मंडळींत त्यांच्याभोवती भक्तीचे वलय तयार झाले. दोन्हीकडून माणूस दिसेनासा झाला. ती होती दुष्काळातून वाचलेली एक मुलगी. तिला भाकरीचा तुकडा मिळाला होता आणि तो कोणत्या वहीत लिहायचा हे तिला ठाऊक होते.

केडगावची संस्था आजही चालू आहे. शंभराहून अधिक वर्षे झाली. दुष्काळांचे स्वरूप बदलले, टाकल्या जाणाऱ्या बायकांची कारणे बदलली, टाकणे काही थांबले नाही. दयेसंबंधी आपल्याला पुष्कळ बोलता येते, तिच्यावर निबंधही लिहिता येतो. पण दारात एखादी पोर मुकाट उभी राहिली, तर तिच्या चेहऱ्यावरून तिला काय हवे ते ओळखणारी ती अनाम बाई रमाबाईंच्या आधीची आहे, आणि कोणत्याही धर्माच्या नोंदवहीत तिचे नाव नाही. आपण सारे तिचे देणेकरी आहोत.